पैनगंगेच्या काठी आधी कोण होतं

पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. आज जिथे वाशीम जिल्ह्यातला रिसोड तालुका आहे तिथला हा माळ, आणि काळ आजपासून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं मागचा. बांध नाहीत, विहीर नाही, पाऊलवाट असलीच तर जनावरांची. गवत तुमच्या कमरेला लागतं आणि पैनगंगेकडून येणारा वारा त्याच्या शेंड्यांवरून सरकत जातो.

आधी उजेड येतो. भर दुपारचं ऊन फिकं पडावं असा. मग पायाखालचा कातळ हादरतो. आवाज पोचायला दीडेक मिनिट लागतं, आणि तो आला की तुम्ही नकळत खाली बसता. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, तुमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, आकाशातून आलेल्या एका अशनीनं काळ्या बेसॉल्टमध्ये १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला आहे. लोणार घडलं.

या विवराचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. २०११ साली आर्गॉन वायूच्या मोजणीवरून निघालेलं वय त्याच्या दहापटीहून जास्त आलं. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे बघणारं माणूसच बदलतं. ५० हजार वर्षांपूर्वी तो लोळ तुमच्याआमच्यासारख्या माणसांनी पाहिला असता. पावणेसहा लाख वर्षांपूर्वी तुमच्या शेजारी ओढ्यात उकिडवी बसलेली ही बाई आपल्या जातीची नाही.

तिच्याकडे नीट बघा. उंची तुमच्याएवढीच, चाल तुमच्याचसारखी सरळ. पण भुवयांच्या जागी हाडाचा जाड कंगोरा आहे, कपाळ तिथूनच मागे उतरतं आणि हनुवटी जवळजवळ नाहीच. तिच्या पुढ्यात काळ्या दगडाचा गोटा आहे. हातातल्या दुसऱ्या गोट्यानं ती त्याच्या कडेवर घाव घालते. पानाएवढा ढलपा उडतो. ती दगड उलटा करते, त्याच कडेवर दुसऱ्या बाजूनं घाव घालते, पुन्हा उलटा. प्रत्येक घावाआधी ती थांबते आणि कडेवरून अंगठा फिरवते. पंधरावीस घावांत दगडाला टोक येतं, दोन्ही अंगांनी धार येते. ही हातकुऱ्हाड. नेवाशाजवळ चिरकीला, प्रवरेच्या काठी, गुद्रुन कोर्विनस यांनी १९६० च्या दशकात अशी हत्यारं मोठ्या संख्येनं उकरून काढली. चेन्नईजवळ अत्तिरमपाक्कमला त्यांचं वय १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातं. म्हणजे ही बाई बसली आहे तेव्हासुद्धा ही कला भारतात नऊ-दहा लाख वर्षं जुनी आहे. आईनं मुलीला दाखवायची, मुलीनं नातीला.

अशा माणसांचं एक डोकं आपल्याला सापडलेलं आहे. इथून उत्तरेला तीनेकशे किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी हथनोरा गावाशी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतात इतक्या जुन्या माणसाचं एवढं ठळक हाड दुसरं नाही.

आवाजानं उठलेला कळप आता तुमच्या अंगावर येतो आहे. बाजूला व्हा. रानबैल आहेत. पुढचा नर खांद्यापाशीच तुमच्या डोक्याएवढा उंच, शिंगं दोन्ही बाजूंना लांब पसरलेली. शास्त्रज्ञांनी त्याला नर्मदेवरूनच बॉस नमाडिकस असं नाव दिलं. गोदावरी, प्रवरा, मांजरा या नद्यांच्या जुन्या वाळूगोट्यांच्या थरांत त्याची हाडं मिळाली आहेत. त्याच काळातल्या नर्मदेच्या थरांत हत्ती, पाणघोडे आणि एक रानघोडाही मिळतो. कळप ओढा ओलांडतो. बाई झाडाआड गेली आहे. अर्धी झालेली दुसरी हातकुऱ्हाड तिच्या हातून पाण्यात पडली. ती पडली तिथेच राहील, वर गाळ बसेल, गोटे बसतील.

आता लांब उडी घ्या आणि ७४ हजार वर्षांपूर्वीच्या काळात या. सुमात्रा बेटावरचा तोबा ज्वालामुखी फुटला आहे. आकाश दुधी झालंय आणि वरून बारीक, काचेसारखी टोकदार राख पडते आहे. आंध्रात कर्नूलच्या बाजूला ज्वालापुरमला पाण्यानं वाहून आणलेल्या या राखेचा थर काही ठिकाणी अडीच मीटर जाड आहे. राखेखाली दगडी हत्यारं मिळाली, राखेवरही मिळाली, आणि त्यांच्या घडणीत फारसा फरक नाही. कोणीतरी तगलं. इथे जास्त वेळ थांबू नका, श्वास लागेल.

तीस हजार वर्षांपूर्वीच्या आसपास उतरलात की हवा कोरडी आणि गार लागेल. उत्तरेकडे जग बर्फाच्या ओझ्याखाली आहे, त्यामुळे इकडचा पाऊस आटलाय. झाडं विरळ, गवताळ माळ दूरवर. आज कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट बघायला जाता, तसाच माळ. फक्त काळविटांच्या मागे उंच मानेचे पक्षी धावताहेत. शहामृग. भारतात शहामृग होते, हे त्यांच्या अंड्यांच्या कवचांनी सिद्ध केलं, आणि २०१७ साली त्या कवचांतल्या डीएनएवरून ते आफ्रिकेतल्या शहामृगांचेच नातलग ठरले.

शेकोटीपाशी बसलेली माणसं आता मात्र आपली आहेत. कपाळ उभं, हनुवटी पुढे. आफ्रिकेतून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांनी समुद्रकाठ आणि नदीकाठ धरत आशियाभर पाय पसरले. वाटेत निअँडर्थल माणसांशी त्यांची सोयरीक झाली, त्याची खूण तुमच्या प्रत्येक पेशीत एक-दोन टक्के आहे. आजच्या भारतीयांपैकी निम्म्याहून जास्त जणांची आईकडची वंशरेषा 'एम' नावाच्या शाखेत जाते आणि ती शाखा या पहिल्या येणाऱ्यांचीच.

एक म्हातारा शहामृगाच्या अंड्याचं कवच फोडून त्याचे नखाएवढे तुकडे करतो आहे. गारगोटीच्या सुईसारख्या टोकानं तो तुकड्याला अर्ध्यापर्यंत भोक पाडतो, उलटा करून दुसरीकडून पाडतो, दोन्ही भोकं मध्ये मिळतात. असे तुकडे दोरीत ओवून खरबरीत दगडावर घासले की सगळ्यांच्या कडा एकदम गोल होतात. मणी तयार. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं, तिथे हे मणी मिळाले आणि त्यांच्याबरोबर कवचाचा एक तुकडा, ज्यावर दोन समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली आहे. वय सुमारे २५ हजार वर्षं. पोट भरायला त्या रेघांचा उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या माणसानं जाणूनबुजून काढलेलं याच्याइतकं जुनं चित्र माझ्या माहितीत दुसरं नाही. शाळेच्या पुस्तकात अजिंठ्याच्या आधी एक पान त्याला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शेकोटीच्या उजेडाबाहेर लांडगे घोटाळताहेत. त्यातला कोणी इथे माणसाळणार नाही. कुत्रा आशियाच्या किंवा युरोपच्या कुठल्यातरी दुसऱ्या लांडग्यापासून झाला आणि माणसांच्या मागोमाग इकडे आला. आपल्या माळावरचा लांडगा त्याचा लांबचा चुलता. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सापडलेल्या १४ हजार वर्षं जुन्या कबरीत पुरुष, स्त्री आणि एक कुत्र्याचं पिल्लू एकत्र आहेत. पिल्लाला रोग झाला होता आणि कित्येक आठवडे त्याला कोणीतरी सांभाळलं होतं, हे त्याच्या दातांवरून कळतं. शिकारीला निरुपयोगी पिल्लू सांभाळणारी माणसं मला हातकुऱ्हाड घडवणारांइतकीच मोठी वाटतात.

पुढचा टप्पा आठ हजार वर्षांपूर्वीचा. पैनगंगेच्या काठी तुम्हाला पाऊस पुन्हा वाढलेला दिसेल, दगडी पाती बोटाच्या पेरापेक्षा लहान झालेली दिसतील आणि रानबैल अजून रानातच असेल. घडामोड वायव्येला चाललीय. बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहेरगढला १९७४ पासून जाँ-फ्रांस्वा जारीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खणलं, तेव्हा खालच्या थरांत हरणांची हाडं जास्त आणि वरच्या थरांत गाईबैलांची जास्त असं चित्र निघालं. वर येता येता बैलांची हाडं आकारानं लहानही होत गेली. रानटी नराला कोंडून ठेवणं अवघड, म्हणून लहान चणीचे, मवाळ स्वभावाचे ठेवले गेले आणि त्यांचीच वीण वाढली. पिढ्यांमागून पिढ्या हे होत राहिलं. त्यातून उभा राहिला तो वशिंडाचा, गळ्याखाली लोंबती पोळी असलेला, उन्हाला न डगमगणारा आपला बैल.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. तुमच्या गोठ्याकडे नजर टाका. शेळी-मेंढी इराणच्या झाग्रोस डोंगरांकडून आली, तिथे त्यांना दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं. गहू आणि जव तिकडूनच आले. कुत्रा बाहेरून आला. माणूस तर सगळ्यात लांबून, आफ्रिकेतून. बैल तेवढा या उपखंडातल्या रानबैलाचा वंशज, आणि म्हैसही इथलीच, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम भारतात माणसाळलेली. पैनगंगेच्या काठावर आपल्यासारख्या माणसांची कुठलीही टोळी पोचली त्याआधी या बैलाचे पूर्वज इथल्या ओढ्यांवर पाणी पीत होते. इथला मूळ रहिवासी कोण, यावर माणसं एकमेकांशी भांडतात तेव्हा मला गोठ्यातल्या त्या मुक्या मालकाची आठवण होते.

साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास दक्षिणेला नजर टाका. आजच्या तेलंगण-कर्नाटकाच्या माळांवर गुराखी मोठमोठे गोठे बांधताहेत आणि साठलेलं शेण पेटवून देताहेत. त्या राखेचे डोंगर आजही उभे आहेत. उतनूरला १९५७ साली रेमंड ऑलचिन यांनी असा एक ढीग खणला तर आत गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात या. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला माणसं मातीच्या घरांत राहतात, रंगवलेली भांडी वापरतात, तांबं त्यांना माहीत आहे. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठचं इनामगाव त्याच काळातलं आणि ते डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खणलं, म्हणून आपल्याला तिथल्या घरात शिरता येतं. वाकून आत या. जमीन सारवलेली आहे आणि तिच्याखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण आहेत, आत या घरातलं गेलेलं मूल. मोठ्यांना पुरताना पाय घोट्याच्या वर तोडतात. का, ते त्यांना विचारून बघा.

कोपऱ्यात जमिनीत पुरलेली मातीची एक लांबट पेटी आहे. पेटीत स्त्रीची छोटी मूर्ती. पेटीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, हिला डोकं नाही, आणि तिच्याशेजारी मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की ती बैलावर बसते. कच्च्या मातीची, हातानं वळलेली ही जोडी उत्खननात निघाली तेव्हा शाबूत होती. घराच्या जमिनीखाली कोणी सहज काही पुरत नाही. ज्याच्या जिवावर पोट आहे त्यालाही तिथे जागा मिळते.

कारण बाहेर काळी जमीन आहे. वाशीमच्या माणसाला हिचा स्वभाव सांगायला नको. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, वरची सुकी माती भेगांत पडते, पहिल्या पावसात जमीन फुगते आणि भेगा मिटतात; अर्धी नांगरट ती स्वतःच करते. पण पुढे वापसा यायच्या आत शिरलात तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि उशीर केलात तर ढेकळं दगड होतात. मधले चार दिवस मिळतात, त्या चार दिवसांत अख्खं रान पेरून व्हायला हवं. माणसाच्या एकट्या खांद्यांनी ते होत नाही. गोऱ्हा खोंड झाला की त्याला बडवायचं, वेसण घालायची आणि जुवाखाली आणायचं, ही युक्ती ज्यानं काढली त्यानं काळी जमीन राहण्याजोगी केली. प्रवरेच्या काठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना कांस्याची खेळण्यासारखी चार शिल्पं मिळाली. त्यातला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ दोन बैल ओढताहेत, चालवणारा उभा आहे आणि बैलांच्या मधल्या दांडीवर कुत्रा उभा आहे. बाहेरून आलेले दोघे आणि इथला एक, तिघं एकाच गाडीला.

मग पाऊस पुन्हा रुसतो. इनामगावची चौकोनी मोठी घरं जातात आणि लहान गोल खोपट्या येतात. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी त्याचा अर्थ असा लावला की शेती बसली तेव्हा लोक शेळ्यामेंढ्या घेऊन फिरते झाले. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव उठलं.

त्याच सुमारास पूर्वेला, नागपूरजवळच्या माहुरझरीला, दगडांच्या मोठमोठ्या वर्तुळांत माणसं आपल्या मेलेल्यांना ठेवताहेत आणि त्यांच्याबरोबर घोडे. घोड्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज, तोंडात लोखंडी लगाम. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे उजेडात आणलं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. इथला रानघोडा कधीच संपला होता. हा नवा घोडा रशियाच्या गवताळ प्रदेशात चारेक हजार वर्षांपूर्वी माणसाळून, अनेक हातांतून इथवर पोचला आहे.

हा सगळा येण्याजाण्याचा काळ तुमच्या रक्तात लिहिलेला आहे. कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि डेव्हिड राइक यांनी २००९ साली दाखवलं की जवळजवळ सगळे भारतीय निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेले आहेत. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात त्या मिसळण्याचा काळ निघाला, ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात दूरदूरच्या घराण्यांत मुली दिल्याघेतल्या गेल्या, आणि मग ते थांबलं. बैलानं मात्र उलटी वाट धरली होती. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळाच्या काळात, इकडचे वळू इराण-इराकच्या बाजूला नेले गेले आणि तिथल्या गाईंच्या वंशात त्यांचा अंश शिरला. २०१९ साली जुन्या हाडांतल्या डीएनएवरून ते कळलं. ऊन सोसणारं जनावर दुष्काळात सगळ्यांनाच हवं होतं. आज ब्राझीलच्या कुरणांतल्या नेलोर गाई आंध्रातल्या ओंगोलच्या लेकी आहेत.

वाकाटकांचं वत्सगुल्म, म्हणजे तुमचं वाशीम, मी भरभर ओलांडतो. राजधानीचं वैभव इतरत्र पुष्कळ लिहिलेलं आहे. थांबायचं तर दोनशे वर्षांपूर्वीच्या मानोऱ्याच्या रानात थांबा. पोहरादेवीच्या बाजूनं बंजाऱ्यांची लदेणी निघाली आहे. नाईक पुढे, मागे शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन बाजूंना धान्याच्या नाहीतर मिठाच्या गोण्या. दोरी नाही, गाडी नाही. पुढच्या बैलाच्या गळ्यातल्या घंटेमागे बाकीचे चालतात. बाया आरशांच्या कांचळ्या घालून, कडेवर मुलं घेऊन. कुत्रे कडेनं. रस्ता नसलेल्या देशात धान्य फिरायचं ते यांच्या पाठीवरून, फौजासुद्धा यांच्या जिवावर जेवायच्या. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या काही दशकांत हा धंदा मोडला. पोहरादेवीला बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांच्या समाधीला आज लाखो लोक येतात, त्यातल्या कित्येकांच्या खापरपणज्यानं आयुष्य बैलामागे चालून काढलं.

आजच्या श्रावण अमावास्येला पोचलात. पोळा आहे. काल खांदशेकणी झाली, हळद-लोणी चोळून बैलाला आजच्या जेवणाचं आवतण दिलं. मला दरवर्षी वाटतं, पाहुणे तर आपण आहोत, आवतण त्यानं द्यायचं. तोरणाखाली जोड्या मोजायला फार वेळ लागत नाही आता. झडत्या म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलंत तर तो म्हणतो, "बैल पोसनं परवडत नाई आता, भाऊ. वखर-डवरंबी ट्रॅक्टरनंच होते." त्याचं बरोबर आहे, आणि तरी ही बाब केवळ हिशेबाची नाही. आठ हजार वर्षं निवडून निवडून घडवलेला वंश एकदा मोडला तर तो पुन्हा घडवायला रानबैल उरलेला नाही.

आणखी एक काम तुमच्याच हातातलं आहे. वाशीम जिल्ह्यात पैनगंगा, अरुणावती, अडाण या नद्यांच्या काठावर जुन्या गोट्यांचे थर उघडे आहेत, आणि त्यांतली वाळू जेसीबीनं उपसली जाते आहे. दोन्ही अंगांनी ढलपे काढून टोक आणलेला दगड, नेहमीपेक्षा फारच जड असलेलं हाड, शिंगाचा दगड झालेला बुंधा दिसला तर तो धुऊ नका, घरी नेऊ नका. आहे तिथेच शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, थर किती खोल आहे ते लिहून घ्या, आणि नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला, राज्य पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. दगड उचलला गेला की उरतो फक्त दगड. थरात असेपर्यंतच त्याला वय असतं.